बोळक्यातलं पुस्तक

तान्ह्या बाळाला पुस्तक वाचून दाखवा, असं आता डॉक्टरही सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली तसं अधिकृत धोरणच जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांतही, बाळ एका जागी असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्यासोबत वाचावं, गोष्ट सांगावी, असं म्हटलं आहे. सल्ला ऐकून आईबाबा हौसेने पुस्तक आणतात आणि मग प्रश्न सुरू होतात. सहा महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतंय, काय करू? दोन पानं झाली की रांगत निघून जातो, त्याला आवड नाही का? रोज तेच भूभूचं पुस्तक, आम्हालाच कंटाळा आलाय. घरात सगळी इंग्रजी पुस्तकं आहेत, मराठीचं काय? आणि सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा एक ठरलेला प्रश्न : एवढ्याशा जिवाला कळतं तरी काय?

घोळ होतो तो 'वाचन' म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे येतं त्यामुळे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. दोन वर्षांच्या आतल्या बाळाबरोबर हे सगळं विसरा. इथे पुस्तक हे तुमच्या दोघांच्या गप्पांचं निमित्त आहे, आणि गप्पांमध्ये समोरच्यालाही बोलू द्यावं लागतं. बाळाची पाळी आली की तुम्ही गप्प बसायचं. हे जमलं की बाकीचं फार अवघड नाही.

पहिले तीन महिने : काहीही वाचा

पोटात असतानाच, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून, बाळाला ऐकू येऊ लागतं. जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. शब्दांचा अर्थ कळत नसला तरी आवाजाचा चढउतार आणि लय त्याच्यापर्यंत पोचते. त्यामुळे या दिवसांत काय वाचता याला फारसं महत्त्व नाही. अर्धवट राहिलेली कादंबरी वाचा, रविवारची पुरवणी वाचा, आजोबांनी मांडीवर घेऊन हरिपाठ म्हटला तर उत्तमच. फक्त मोठ्याने आणि सावकाश.

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. बाळाला छातीशी घेतल्यावर आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, साधारण तेवढंच. चित्र दाखवायचं तर तिथेच धरा. या वयात फिकट, नाजूक रंगांपेक्षा काळंपांढरं ठळक दिसतं. त्यासाठी बाजारातून महागडी कार्डं आणू नका. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने ठिपक्यांची रांगोळी काढा, दोन-तीन जाड पट्टे ओढा, एक हसरा चेहरा काढा. झालं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर या लेखातले महिने जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजा. उगाच घाबरायला होणार नाही.

चार ते आठ महिने : चावू द्या

या वयात बाळ जग तोंडाने तपासतं. हातात आलेली वस्तू आधी बोळक्यात जाते, आणि पुस्तकही त्याला अपवाद नाही. 'नको, छी, घाण' म्हणत पुस्तक ओढून घेतलं तर बाळ एवढंच शिकतं की पुस्तक म्हणजे हिसकावून घेण्याची वस्तू. त्यापेक्षा दोन पुस्तकं ठेवा : एक बाळाच्या हातात, चावायला आणि आपटायला, दुसरं तुमच्या हातात, दाखवायला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ओल्या फडक्याने पुसता येतं, कापडी पुस्तक धुता येतं. लाळेने कोपरे फुगले तर फुगू द्यात.

चावायला काय द्यायचं नाही, हे मात्र पक्कं ठेवा :

- वर्तमानपत्र, पुरवण्या, जाहिरातींचे कागद. छपाईची शाई पोटात जायला नको.
- स्टेपलची पिन असलेली पातळ पुस्तकं. पिन सुटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.
- चमकी, टिकल्या, चिकटवलेले डोळे किंवा मणी असलेली पुस्तकं.
- बटण दाबलं की आवाज काढणारी पुस्तकं, जर सेलचा कप्पा स्क्रूने घट्ट बंद नसेल तर. आत नाण्यासारखा छोटा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला भाजल्यासारखी इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं आहे. खेळण्याच्या दुकानातून आवाजाचं किंवा खुळखुळ्याचं 'पुस्तक' घेत असाल तर ते चिन्ह बघून घ्या. रस्त्यावरच्या ढिगातून स्वस्तात मिळालेलं असं पुस्तक मी तरी बाळाच्या हातात देणार नाही.

नऊ महिन्यांनंतर : एक पान, पुरेपूर

या सुमारास खरी गंमत सुरू होते. बाळ बसतं, चिमटीत वस्तू पकडायला शिकतं आणि वर्षाच्या आगेमागे बोटाने दाखवू लागतं. ते बोट म्हणजे बाळाचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर कसं द्यायचं ते एका पानावर पाहू. समजा पानावर घराच्या छपरावर कावळा बसलाय आणि खाली दाराशी कुत्रा.

१. पान उघडा आणि काही बोलू नका. बाळाची नजर कुठे जाते ते पाहा. तुम्ही कावळा दाखवायचं ठरवलंय आणि बाळ कुत्र्याकडे बघतंय? मग आज कुत्रा.

२. बाळ बघतंय त्याचंच नाव घ्या. 'भूभू! भूभू बसलाय.'

३. थांबा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडे मोठ्यांना फार लांब वाटतात, पण बाळाला तेवढा वेळ लागतोच. ते पाय झाडेल, पानावर थाप मारेल, तुमच्या तोंडाकडे बघेल, 'बू' म्हणेल. यातलं काहीही झालं तरी ते उत्तरच.

४. त्या उत्तरात एखाद्या शब्दाची भर घाला. 'हो, भूभू! शेपटी हलवतोय भूभू.' आणि पुन्हा थांबा.

५. पुस्तकातून बाहेर या. 'सकाळी गेटपाशी भूभू होता ना? आपण टाटा केला त्याला.' चित्रातला कुत्रा आणि गेटपाशी दिसलेला कुत्रा यांची गाठ बाळाच्या डोक्यात बांधली जाते ती अशी.

६. बाळाने पान उलटलं तर पुढे जा, एकदम चार पानं उलटली तरी जा. मागे नेलं तर मागे. पुस्तक बंद केलं तर आजचं वाचन संपलं.

एवढ्यात कावळ्याचं नावही आलं नाही, पुस्तकाची ओळही वाचून झाली नाही. चालेल. उद्या कावळ्याचा नंबर लागेल.

'भूभू म्हणायचं की कुत्रा?' हा वाद घरोघरी असतो. दोन्ही म्हणा. दुहेरी उच्चाराचे भूभू, काऊ, माऊ, मम्मम हे शब्द बाळाच्या जिभेला सोपे पडतात, ते काढून टाकायचं कारण नाही. जोडीला 'कुत्रा' कानावर पडत राहिला की दीड-दोन वर्षांत बाळ आपणहून तिकडे वळतं.

पुस्तक रंगवायला आपल्या घरात आयते खेळ आहेत, ते वापरा. पुस्तक दुपट्याखाली लपवून 'भोऽऽक' करत बाहेर काढा. मोराचं चित्र आलं की बाळाचा तळहात पुढे घ्या आणि मोराला चारा-पाणी देण्याचा खेळ तिथेच खेळा, शेवटी गुदगुल्यांसकट. आंब्याच्या चित्रातून चिमटीने फोड उचलून बाळाला भरवण्याचं नाटक करा. काही दिवसांनी बाळच तुम्हाला भरवेल, मग तुम्ही मन लावून चावायचं. वाटी-चमच्याच्या चित्राशेजारी खरी वाटी ठेवा. रिक्षा, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी, म्हशीचं रेकणं, सगळे आवाज तोंडाने काढा आणि लाज बाळगू नका. बाबांना हे सुरुवातीला जड जातं, असं दिसतं. त्यांनी बाळाला एकट्याने घेऊन खोलीत बसावं. प्रेक्षक नसले की भल्याभल्यांची म्हैस उत्तम रेकते.

दीड वर्षानंतर : तेच ते, पुन्हा तेच

आता बाळ स्वतः पुस्तक ओढत आणेल आणि तुमच्या मांडीत येऊन बसेल. आणि तेच आणेल. कपाटात दहा पुस्तकं असोत, त्याला कालचंच हवं असतं. द्या. पुढे काय येणार हे ठाऊक असण्यातच त्याची मजा आहे, आणि शब्द पक्के होतात ते अशा घोकण्यानेच. कंटाळा तुम्हाला येतो. तो घालवण्याच्या दोन-तीन युक्त्या आहेत :

- ओळ म्हणता म्हणता शेवटचा शब्द सोडून द्या आणि बाळाकडे बघा. आधी ते नुसतं हसेल, मग त्या शब्दाचा एखादा तुकडा म्हणेल.
- मुद्दाम चुका. मांजराच्या चित्राला 'हा हत्ती' म्हणा. दोन वर्षांच्या आसपासचं मूल तुम्हाला दुरुस्त करण्यात अपार आनंद मानतं.
- गोष्टीतल्या पोराला बाळाचं नाव द्या, आजीला आपल्या आजीचं.

'हे काय आहे?' यापेक्षा 'चेंडू कुठाय?' हा प्रश्न सोपा. त्याचं उत्तर बोटाने देता येतं, तोंड उघडावं लागत नाही. बाळ 'तांदोबा' म्हणालं तर 'तांदोबा नाही, चांदोबा म्हण' असं न टोकता 'हो, चांदोबा! केवढा चांदोबा!' म्हणून पुढे जा. बरोबर उच्चार कानावर पडला, एवढं पुरे.

इथे गाडी घसरते

पाहुणे आले की बाळाला पुस्तकासमोर बसवून 'सांग मावशीला, हत्ती कसा करतो?' ही परीक्षा घेऊ नका. बाळ गप्प बसतं, घरचे खट्टू होतात आणि पुस्तक उगाच बदनाम होतं.

टीव्ही चालू ठेवून वाचू नका. मागे मालिकेतली भांडणं सुरू असतील तर बाळाला तुमचा आवाज वेगळा काढता येत नाही. मोबाइलवर गोष्टीचा व्हिडिओ लावला तर वाचन झालं, असंही समजू नका. व्हिडिओ बाळासाठी थांबत नाही. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे. नातेवाइकांशी होणारा व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद. तो अपवाद मात्र पुरेपूर वापरा. साताऱ्याची आजी आणि बंगळुरूचं किंवा न्यू जर्सीचं नातवंड, दोघांकडे एकच पुस्तक ठेवा. आजी तिकडून दाखवेल, इकडे कुणीतरी बाळाच्या समोर तेच पान धरेल.

पान फाटलं तर रागावू नका. बाळाला पान उलटायला अजून नीट जमत नसतं, त्यामुळे ते फाटतं. 'अरेरे, बाऊ झाला पुस्तकाला' म्हणा आणि बाळाच्या देखत चिकटपट्टीने जोडा.

आणि बाळाने मान फिरवली, पाठ ताणली, डोळे चोळले की पुस्तक मिटा. भुकेलं, पेंगुळलेलं बाळ वाचत नाही. दोन-तीन मिनिटांच्या चार बैठका या एका वीस मिनिटांच्या बैठकीपेक्षा बऱ्या. मालिश-अंघोळीनंतरची झोप काढून बाळ उठलं की चांगली वेळ असते. नोकरीवरून रात्री आठ-साडेआठला घरी पोचणाऱ्यांनी झोपायच्या आधीची पाच मिनिटं धरावीत, आणि एखाद्या दिवशी तीही जमली नाहीत तर जीवाला लावून घेऊ नये.

कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, हिशेब करता, त्या भाषेत. पुस्तक इंग्रजी असलं तरी चित्रं कुठल्याच भाषेची नसतात. मजकूर बाजूला ठेवून मराठीत बोला. दोघांपैकी एकाची भाषा गुजराती किंवा तमिळ असेल तर तेच पुस्तक त्यांनी त्यांच्या भाषेत सांगावं. दोन भाषा ऐकल्या म्हणून मूल बोलायला उशीर करतं, हा समज चुकीचा आहे. आजी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर त्यांना 'शुद्ध' बोलायला लावू नका. आणि ज्या आजीला अक्षरओळख नाही तिने पुस्तक हातात घ्यायचं नाही, असं मुळीच नाही. चित्र बघून सांगणाऱ्या आजीचं लक्ष ओळीकडे न जाता बाळाकडे असतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

पुस्तकं कुठून आणायची?

बाळासाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं इंग्रजीत जितकी मिळतात तितकी मराठीत मिळत नाहीत, हे खरं आहे. तरी वाटा आहेत.

- स्टोरीवीव्हर : प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे आणि त्यावर मराठी पुस्तकं आहेत. पहिल्या पातळीची निवडा, म्हणजे मजकूर कमी आणि चित्रं मोठी. ही पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत : श्रेय कायम ठेवून ती छापायची, वाटायची, इतकंच काय आपल्या बोलीत भाषांतर करायचीही मुभा आहे. बाळाला पडद्यावर न दाखवता छापून घ्या.
- ज्योत्स्ना प्रकाशन : माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं दीड-दोन वर्षांच्या मुलाला चित्रांवरून सांगता येतात. घरातली माणसं आणि त्यांची रोजची कामं, मुलाला आणखी काय हवं? पानं पातळ असतात, तेव्हा ती मोठ्यांच्याच हातात राहू द्या.
- नॅशनल बुक ट्रस्ट आणि तूलिका : दोघांचीही मराठी चित्रपुस्तकं आहेत. पुस्तक प्रदर्शनात त्यांचे गाळे शोधा.
- सार्वजनिक वाचनालय : बालविभाग आहे का, ते विचारा. तान्ह्या बाळाच्या नावाने पुस्तक मागायला आलात म्हणून ग्रंथपाल आश्चर्याने बघतील, बघू द्यात. मागणी दिसली तरच अशी पुस्तकं येतील.

निवडताना एका पानावर एकच मोठं चित्र, ठळक रेषा, माणसांचे चेहरे आणि ओळखीच्या वस्तू एवढं बघा. पानात वीस-वीस वस्तू कोंबलेली आणि मुळाक्षरांची पुस्तकं पुढे कधीतरी.

घरचं पुस्तक

मला विचाराल तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी सगळ्यांत चांगलं पुस्तक घरीच तयार होतं. आई, बाबा, आजी, दादा, शेजारचा मन्या, बाळाची वाटी, खिडकीतला काऊ, गल्लीतली रिक्षा यांचे फोटो छापून घ्या. प्रत्येक फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे याला झकास. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करा, कोपरे गोल कापा, कडेला दोन भोकं पाडून जाड सुती दोऱ्याने बांधा. दोऱ्याची टोकं आखूड ठेवा, बोटाला किंवा गळ्याला गुंडाळली जायला नकोत. आठ-दहा पानं पुरेत. आणि बाळाचा स्वतःचा फोटो घालायला विसरू नका.

तपासणी कधी करून घ्यायची?

पुस्तक वाचताना तुम्ही बाळाकडे इतक्या जवळून बघता की काही वेगळं असेल तर ते आधी तुमच्याच लक्षात येतं. पुढीलपैकी काही दिसलं तर थांबू नका :

- सात-आठ महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नाही.
- वर्षाचं झालं तरी 'बाबा-दादा-मामा' अशी बडबड नाही.
- सव्वा वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नाही.
- दीड वर्षापर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही.
- आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव बंद झाले. हे कुठल्याही वयात झालं तरी.

'त्याचा बाबाही उशिराच बोलला' हे ऐकून गप्प बसू नका. आधी कानाची तपासणी मागा. ओएई आणि बेरा या चाचण्या झोपलेल्या बाळावरही करता येतात, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांची तपासणी मोफत होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि गरज पडल्यास मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथले उपचारही मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठी केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. लसीकरणाला नेता त्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वाढीचे टप्पे छापलेले असतात. पुढच्या लसीच्या आधी ते पान घरी वाचा आणि जे जुळत नाही ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना त्याच दिवशी विचारा.